मागच्या खिडकीचे औषध

तुरी पाखडून झाल्या तशी भागिरथेने सूप बाजूला ठेवले, पदराने तोंडावरचा भुसा पुसला आणि फडताळातली एक पितळी वाटी काढली. या वाटीत त्या घरात कधी वरण वाढले जात नव्हते की ताक. तिचे काम एकच होते, आणि सावरढोकीतल्या पाटीलपुऱ्यात प्रत्येक घरी अशी एक वाटी होती.

"लिला, पाय दाखव पाहू," तिने सुनेला म्हटले.

लिलाने लुगडे घोट्यावर घेतले. पाचवा महिना होता. पायावर बोट दाबले की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही.

"आत्याबाई, मी येऊ का संग? केशरबाई मले पाहून सांगन."

"तू कायले येतं? सरपंचाची सून तिच्या दारात उभी राह्यलेली लोकाइनं पाह्यली म्हणजे झालं. बस घरात."

मेडशीपासून अडीच कोसांवरच्या या गावाला तीन वर्षांपूर्वी आरोग्याचे उपकेंद्र मिळाले होते. शाळेच्या कडेला एक खोली, खोलीत लाकडी कपाट, एक बाक, एक टेबल आणि टेबलावर जाड रजिस्टर. नर्स म्हणून आली ती गावचीच केशरबाई. पुंजाजीची मुलगी. पुंजाजीने ५६ साली दीक्षा घेतली, देव्हारा विहिरीत सोडला आणि मुलीला शाळेत घातले. अकोल्याला राहून ती शिकली आणि पांढरे लुगडे नेसून गावात परतली.

खोलीला दोन वाटा होत्या. पुढचे दार रस्त्यावर उघडे. त्या दाराने बौद्धपुऱ्यातले लोक येत, तांड्यावरचे येत, दुकानवाल्या इब्राहीमभाईच्या घरचे येत. ते बाकावर बसत, नाव सांगत, केशरबाई ते लिहून घेई आणि मग औषध देई. मागे एक खिडकी होती. ती पाटीलपुऱ्याच्या बोळात उघडे. बोळातून बाया पदराआड वाटी घेऊन येत आणि वाटी खिडकीखाली धरत. केशरबाई वीतभर उंचीवरून गोळ्या सोडी. हाताला हात लागत नसे. आणि नावही लिहिले जात नसे.

पहिल्या वर्षी लिहिले जात होते. पण एकदा शाळेच्या मास्तरांनी कौतुकाने ते रजिस्टर ग्रामसभेत वाचून दाखवले. त्यात जानरावच्या पुतणीचे नाव निघाले. महिनाभरात रिसोडकडचे ठरलेले सोयरे फिरले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही त्यांच्या हातचे औषध खाणारे घर आम्हाला नको, असा निरोप आला. त्या दिवसापासून सरपंच जानरावने भागिरथेला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगून ठेवले होते, "औषध लागलं तं घ्या. पन कागदावर नाव चढू देऊ नोका." सरपंचाच्या घरी जे ठरले तेच सगळ्या पाटीलपुऱ्याचे ठरले.

भागिरथेने खिडकीखाली वाटी धरली.

"कोनाले पायजे?" आतून केशरबाईने विचारले.

"गायीले."

हे रोजचेच होते. पाटीलपुऱ्यात माणसे आजारी पडतच नव्हती. ताप यायचा तो गोऱ्ह्याला, खोकला व्हायचा तो म्हशीला.

"गायीले काय होऊन राह्यलं?"

"पाय सुजले. पाचवा महिना हाय."

केशरबाई हसली. मग लाल गोळ्या वाटीत टपटप पडल्या. "गायीले म्हना, रोज एक घेजो, जेवल्यावर. लोनचं खाऊ नोको म्हना. अन् सातव्यात एकदा पुढच्या दारानं येऊन जा म्हना."

"गाय कवा दारानं येते का वं?" भागिरथाही हसली.

"पाटलीनबाई, एक बोलू? नाव तं लिवू द्या. गोळ्या संपतेत अन् रजिस्टर कोरं राह्यते. वरून साहेब इचारते, गोळ्या गेल्या कुठं."

"मंग लिव ना तुह्या पुऱ्यातली चार नावं जास्तीची. कोन मोजाले बसलं?"

"खोटं नाव मी लिवत नाही," केशरबाई म्हणाली, आणि खिडकीची फळी लोटली.

लय शेफारली पोट्टी, असे मनाशी म्हणत भागिरथा घरी आली. पण लाल गोळ्या तिने जपून कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि रोज जेवणानंतर स्वतःच्या हाताने सुनेला दिल्या. पंधरा दिवसांत लिलाच्या तोंडावर रंग आला.

दुष्काळ सरून वर्ष झाले होते. सरकारची तिजोरी दुष्काळी कामांनी खरवडून निघाली होती, आणि कुठे काटकसर करता येईल ते पाहायला माणसे गावोगाव फिरत होती. दिवाळीनंतर एका सकाळी तसे एक साहेब जीपने सावरढोकीला आले. उपकेंद्राचे रजिस्टर आणि कपाटाची यादी त्यांनी जानरावच्या ओसरीवर मागवून घेतली. चहा झाला. केशरबाई खाली अंगणात उभी होती. तिला वर ये असे कोणी म्हटले नाही.

भागिरथा आतल्या दाराच्या चौकटीआड उभी राहून ऐकत होती.

"सरपंच, मी स्पष्ट बोलतो," साहेब म्हणाले. "सरकारवर कर्ज आहे. खेड्यापाड्यांत केंद्रे काढली की आजार कमी होतील आणि मोठ्या दवाखान्यांचा खर्च वाचेल, असे वर सांगितले गेले. पैसा वाचण्यासाठीच ही योजना आली. आता तुमच्या गावाचे पाहा. वर्षाचा खर्च पाच हजार चाळीस रुपये. आणि रजिस्टरवर वर्षभरात रोगी किती? त्रेसष्ट. म्हणजे एका रोग्यामागे ऐंशी रुपये! ऐंशी रुपयांत माणूस मुंबईला जाऊन दाखवून परत येईल."

ओसरीवर हशा पिकला.

"अन् गोळ्या पाहा. चार हजारांवर गोळ्या खर्ची पडल्या आहेत. त्रेसष्ट माणसांनी खाल्ल्या? एक तर ही बाई विकते, नाहीतर फेकते."

"साहेब, मी इकल्या नाहीत," केशरबाई खालून म्हणाली.

"मग गेल्या कुठे?"

साहेबांनी जानरावकडे पाहिले. "सरपंच, तुमच्या पाटीलपुऱ्यातले लोक येतात का हिच्याकडे?"

जानरावने मिशीवरून हात फिरवला. "आमचं एक तरी नाव लिवलेलं हाय का, साहेब? पाहून घ्या."

"नाही. एकही नाही."

"मंग?"

केशरबाईने मान वर केली. तिची नजर सरळ आतल्या दारापर्यंत आली. "पाटलीनबाईले इचारा," ती म्हणाली. "त्या खरं सांगतीन."

सगळ्या माना वळल्या. भागिरथेला पदर पुढे ओढून घ्यावा लागला. कमरेच्या पिशवीत दहा लाल गोळ्या होत्या. त्या तिच्या अंगाला लागत होत्या. स्वयंपाकघरातून लिलाच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे तीही ऐकत होती.

एक शब्द पुरला असता. व्हय, एवढाच.

"मले काय मालूम, बापा," भागिरथा म्हणाली. "आमी तं घरचे काढे पेतो."

साहेबांनी कागदावर लिहिले, सही केली आणि पेनाला टोपण लावले. दुपारी शिपायाने कपाटातल्या औषधांची यादी केली, खोकी जीपमध्ये भरली, खोलीला कुलूप घातले. चौकशी होईपर्यंत केशरबाईला घरी बसवले. संध्याकाळी जानराव जेवताना म्हणाला, "सरकारचे पाच हजार वाचले. आपल्याच पैशाइतून जात होते ना थे?" इंद्रभान, त्याचा मुलगा आणि लिलाचा नवरा, ताटात पाहत राहिला. लिलाने सासूकडे पाहिले. भागिरथेने वाढायचे निमित्त करून तिच्याकडे पाठ फिरवली.

दहा गोळ्या दहा दिवसांत संपल्या. पितळी वाटी फडताळात पालथी पडली. लिलाचे पाय पुन्हा सुजले, ओठ पांढरे पडले. "पयल्या खेपेले असंच असते," भागिरथा म्हणत राहिली. सातव्या महिन्यात पुढच्या दाराने जायचे होते, त्या दाराला कुलूप होते.

चैत्राच्या उन्हात, भर दुपारी, लिला बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण लखमाने नाळ कापली, लेकराला पुसून सुपात ठेवले, आणि ओसरीवर आलेल्या पाहुण्यांना गूळ वाटायला सांगितले. मग ती लिलाकडे वळली आणि तिचा चेहराच बदलला.

"पाटलीनबाई, हे थांबून नाही राह्यलं."

एक लुगडे भिजले, दुसरे भिजले, गोधडी भिजली. लखमाने राख आणली, कढत फडकी आणली, तोंडाने देवाचे नाव घेत राहिली.

"आत्याबाई," लिला म्हणाली, "मह्ये पाय गार पडून राह्यले. केशरबाईले बलावता का?"

भागिरथा उठली ती तशीच, रक्ताच्या हाताने, ओसरीवर आली. पाहुणे पान खात बसले होते. जानरावने तिला दारातच अडवले आणि हळू आवाजात विचारले, "कुठं चालली?"

"केशरले आनाले."

"येडी झाली का? पावने बसले हायेत. बंडी जुंपाले सांगतो, मेडशीच्या दवाखान्यात नेऊ. तिले घरात घेऊ नोको."

"सरा बाजूले."

"अवं इंद्रभानची माय..."

"सरा म्हणते ना!"

पस्तीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी असे बोलली नव्हती. मागच्या बोळाने न जाता ती पुढच्या रस्त्याने, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, अनवाणी, बौद्धपुऱ्यात गेली. पुंजाजीच्या अंगणात केशरबाई ज्वारी निवडत होती. तिने भागिरथेचे हात पाहिले आणि विचारले ते एवढेच, "लेकरू झालं का? किती येळ झाला?"

सरपंचाच्या ओसरीवरून, पाहुण्यांच्या पुढ्यातून ती आत गेली. कोणी अडवले नाही. तिने लिलाच्या पोटावर हात ठेवला आणि कणीक तिंबावी तशी मूठ दाबू लागली. पाटीलपुऱ्यातल्या अंगाला तिचा हात लागला तो असा. थोडा वेळ रक्त ओसरल्यासारखे झाले. हात सैल केला की पुन्हा वाहू लागे.

"सुई पायजे," ती म्हणाली. "रक्त थांबवाची."

"दे ना मंग! तुह्याजवळ असन ना?"

"होत्या. कपाटात, खालच्या खान्यात. सहा होत्या." केशरबाईने वर पाहिले नाही. "तुमच्या ओसरीवर ठरलं, त्या दिवशी यादी करून नेल्या."

"केवढ्याची येते?"

"रुपया-सव्वा रुपयाची असन. बंडी आना. लवकर आना."

बंडीत कडबा पसरला, त्यावर गोधडी. इंद्रभान बैल हाकत होता. केशरबाई गुडघ्यावर बसून पोट दाबत होती, आणि भागिरथेने लिलाचे डोके मांडीवर घेतले होते. मेडशीचा रस्ता अडीच कोस. वरून ऊन, खाली दगड. लिलाने दोनदा पाणी मागितले. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

मेडशीअलीकडे एक कोरडा नाला आहे. नाला उतरताना बंडी कलली आणि लिलाचा हात बाहेर लोंबला. भागिरथेने तो आत घेतला. मग तिने केशरबाईच्या तोंडाकडे पाहिले. केशरबाई अजून पोट दाबत होती, पण तिचे डोळे बंद होते.

"कवाची?" भागिरथेने विचारले.

"मगाची. त्या बाभळीपासून."

"मंग दाबून कायले राह्यली वं?"

"बैल हाकून राह्यला ना थो," ती इंद्रभानच्या पाठीकडे पाहून हळूच म्हणाली.

तेरावे झाले. नात बाटलीच्या दुधावर जगत होती. चौदाव्या दिवशी भागिरथा पुंजाजीच्या घरी गेली. इब्राहीमभाईच्या दुकानातली शंभर पानी वही तिच्या हातात होती.

"हे लिव," ती म्हणाली. "मी सांगते तुले. कोन खिडकीत आलं, कवा आलं, काय नेलं. मले सगळं आठोते. मी बोळाच्या तोंडाशी राह्यते, मह्या पुढूनच जात होत्या साऱ्या."

केशरबाईने वहीला हात लावला नाही. "मी लिवली तं साहेब म्हनन, चोरानं आपलीच सुटका लिवली. तुमी लिवा."

"मले कुठं येते लिवाले?"

"मंग शिका."

"या वयात? बावन्न सरले मह्ये."

"मले चोर म्हनत होते, तवा एक शब्द होता तुमच्या तोंडात. थो बोलल्या असत्या तं लिवायची येळ आली नसती." ती हे ओरडून बोलली नाही. "आता लिवा, पाटलीनबाई. एकेक अक्षर लिवा."

भागिरथेला राग आला. ती उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेली. मग परत येऊन खाली बसली.

"पयलं अक्षर कोनतं असते, केशरबाई?" तिने विचारले. आजवर तिने तिला बाई म्हटले नव्हते.

आषाढापर्यंत ती रोज गेली. पाटीवर 'भ' उमटायला चार दिवस लागले, बोटे विळ्याला सरावलेली, पेन्सिल मोडत असे. घरी जानरावने आधी दम दिला, मग बोलणे टाकले, मग तिच्या हातचे जेवण टाकले. "सरपंचाची बायको त्या पुऱ्यात शिकाले जाते," तो लोकांजवळ म्हणे. बोळातल्या बाया वाटेत गाठून म्हणत, "आत्या, मह्यं नाव नोको लिवू वं. पोरीचं लगन हाय." भागिरथा म्हणे, "लिवते. तुह्या पोरीलेही कवा बाळंत व्हाचं हाय." आणि वाकड्या अक्षरांत वही भरत गेली.

केशरबाईच्या चौकशीसाठी तेच साहेब आषाढात आले. शाळेच्या ओसरीवर सभा बसली. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीकडेला. जानराव साहेबांच्या शेजारी खुर्चीवर होता. चौकशीचे कागद निघाले तेव्हा भागिरथा उठून उभी राहिली.

"बाई, तुम्हाला काय सांगायचे आहे?"

"सांगाचं नाही. वाचाचं हाय."

ती अडखळत वाचू लागली. जोडाक्षर आले की थांबे, बोट ठेवी आणि पुन्हा सुरू करी. "भागिरथा जानराव. ताप. तीन येळा. इंद्रभान जानराव. खरूज. जानराव..." तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. "जानराव पुतळाजी. हगवण. दोन येळा. पयल्या खेपेले मी म्हशीले पायजे म्हनलं होतं. म्हैस नोती थे."

कोणीतरी हसले. जानरावची मान खाली गेली. पाने उलटत राहिली. ताप, खोकला, लेकराचे डोळे, हगवण. बौद्धपुऱ्यातली माणसे आपल्या जागी ताठ बसून ऐकत होती.

"किती आहेत?" साहेबांनी मध्येच विचारले.

"त्या एका वर्साचे चारशे बारा."

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. चारशे बारा आणि त्रेसष्ट. भाग दिला. मास्तर वाकून पाहत होते, त्यांच्या तोंडून निघून गेले, "साडेदहा रुपये. एका रोग्यामागं ऐंशी नाही, साडेदहा."

साहेबांनी कागद उलटा केला. "हे सगळे खरे असेल, बाई. पण ही खाजगी वही आहे. दप्तरी धरता येणार नाही. केंद्र गेल्या वर्षाच्या आकड्यांवर बंद झाले, ते वरच्या मंजुरीने."

"वही खरी हाय," भिंतीकडून आवाज आला. ती कोपऱ्यावरच्या घरातली सून होती, तिने पदर डोक्यावरून सरकू दिला होता. "आठव्या पानावर मह्यं नाव हाय. मीच नेल्या गोळ्या."

"अन् मह्यं," दुसरी म्हणाली. तिसरी नुसती उठून उभी राहिली. बाकीच्या बसूनच राहिल्या, तोंडे पदरात घालून.

"साहेब, पाच हजार वाचले म्हनत होते आमच्या घरचे त्या दिवशी," भागिरथा म्हणाली. "वाचले असतीन. मी खोटं बोलली म्हणून वाचले. केशरबाईनं काही चोरलं नोतं. चोरी आमी केली. आमी आपली नावं चोरली." तिने वहीचे शेवटचे पान काढले आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर, उघडे ठेवले.

त्या पानावर एकच ओळ होती. चैत्र वद्य पंचमी. लिला इंद्रभान. वय एकोणीस. आजार, बाळंतपणातला रक्तस्राव. हा शब्द केशरबाईने दिलेला होता, आणि तो लिहायला भागिरथेला एक अख्खी दुपार लागली होती. पुढे औषधाचा रकाना होता. तो रिकामा होता.

"पयले मी हिलेच गाय म्हनलं होतं," ती म्हणाली. "आता नाव लिवलं. पन या रकान्यात काय लिवू, थे मले येत नाही. तुमी शिकलेले हाय, साहेब. तुमी सांगा, मी लिवते."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. पानाकडे पाहिले. जानरावकडे पाहिले. शाळेच्या कडेला, त्या खोलीच्या दारावर, कुलूप पावसाने गंजून लाल झाले होते.

भागिरथा पेन्सिल हातात धरून, वहीजवळ वाकून, उत्तराची वाट पाहत उभी राहिली.